पुराचे चित्र आणि जॅमरचा गोंगाट

30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला इस्रो-नासाचा ‘निसार’ उपग्रह 747 किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि दर 12 दिवसांनी तोच भूभाग पुन्हा टिपतो. त्याचा पट्टा सुमारे 240 किलोमीटर रुंद आहे. धारणी ते अकोला सरळ अंतर शंभर किलोमीटरच्या आत, म्हणजे मेळघाट आणि वऱ्हाडचे मैदान एकाच पट्ट्यात मावू शकते. पावसाळ्यात मेळघाटावर ढग बसले की साध्या कॅमेऱ्याला सिपना-गडगा या नद्या दिसत नाहीत. निसारच्या रडारलहरी मात्र ढगांतून आरपार जातात.

पण त्या लहरींना जाणीवपूर्वक अडवता येते. अंतर दुप्पट झाले की एका ठिकाणाहून परतणारा प्रतिध्वनी 16 पटींनी क्षीण होतो, कारण लहर जाते आणि परत येते. जॅमरची, म्हणजे मुद्दाम गोंगाट पाठवणाऱ्या यंत्राची, लहर एकदाच वर जाते, म्हणून ती 4 पटींनीच क्षीण होते. उंचावरच्या उपग्रहाविरुद्ध जमिनीवरच्या जॅमरला मिळणारा फायदा हाच. युरोपच्या ‘सेंटिनेल-1’च्या चित्रांत मध्यपूर्वेतील लष्करी रडारांमुळे लख्ख पट्टे उमटले आहेत, आणि तिथे तर चित्र बिघडवण्याचा हेतूही नव्हता.

खरा धोका चित्र कोरे राहण्यात नाही, ते खोटे दिसण्यात आहे. उघडे, संथ पाणी रडारला काळे दिसते. गोंगाटाने ते उजळले तर बुडालेले शेत कोरडे वाटेल. उलट, निसारची 24 सेंटिमीटरची लहर सागाच्या पर्णसंभारातून खाली उतरते आणि पुराचे पाणी व खोड या दोहोंवर आपटून परतते, त्यामुळे बुडालेले जंगल उजळच दिसते. मग उजळ ठिपका पुराचा की जॅमरचा?

बचावाची पहिली पायरी ऐकण्याची: स्वतःचा प्रतिध्वनी पोहोचण्याआधी जे ऐकू येते ते परके. त्या परक्या लहरीची वारंवारता गाळता येते, पण किंमत मोजून. 20 मेगाहर्ट्झ रुंदीच्या स्पंदाने 7.5 मीटरचा तपशील मिळतो. निम्मी रुंदी गाळली तर 15 मीटरच उरतो. अँटेनाच्या अनेक रिसीव्हरांचे संकेत जुळवून जॅमरच्या दिशेला बहिरे होता येते. 30 डेसिबलची घट म्हणजे जॅमरची शक्ती हजारपट कमी. खोटा प्रतिध्वनी रचणारा जॅमर आधी ऐकलेला स्पंद साठवून परत पाठवतो. प्रत्येक स्पंदाचा साचा बदलत ठेवला की जुनी नक्कल जुळत नाही. नुसता ऐकणारा दुसरा उपग्रह सोबत असेल तर जॅमरला त्याचा पत्ता लागणे कठीण.

यांतला कोणताही उपाय पूर्ण नाही. म्हणून पुराचा नकाशा तालुक्याच्या कचेरीत पोहोचवताना कोणता भाग गाळलेला आणि कोणता शंकास्पद, याची खूण त्यावर असलीच पाहिजे. बोटी कुठे धाडायच्या हे ठरवणाऱ्याने ती खूण मागून घ्यावी.