साफ करा, सपाट नको

मिडीच्या फाइलमध्ये आवाज नसतो. असतात त्या नुसत्या नोंदी: कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी दाबली आणि कधी सोडली. वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडता यावेत म्हणून १९८३ साली ही पद्धत आली. तिची मोठी सोय अशी, की एक सूर चुकला तर तेवढाच उचलून जागेवर बसवता येतो, अख्खं वाजवणं पुन्हा करावं लागत नाही. पण या सोयीनं एक वाईट सवयही लावली आहे. टेक संपला, की सगळे सूर सिलेक्ट करायचे आणि क्वांटाइझ, म्हणजे प्रत्येक सूर ठोक्यांच्या ग्रिडमधल्या जवळच्या रेषेवर सरकवणारी आज्ञा, दाबून मोकळं व्हायचं. ही सफाई नव्हे. यंत्रामुळे किंवा निसटत्या बोटामुळे आलेला कचरा वेगळा आणि वादकाचा ढंग वेगळा, आणि क्वांटाइझला या दोहोंतला फरक कळत नाही.

हिशेबच करून पाहू. लय मिनिटाला १२० ठोक्यांची, सॉफ्टवेअर एका ठोक्याचे ४८० टिक पाडणारं आणि ग्रिडची रेषा दर पाव ठोक्याला. म्हणजे पाव ठोका १२० टिकांचा, वेळेत सांगायचं तर सेकंदाचा आठवा भाग. एखादा सूर आपल्या जागेपेक्षा ७० टिक उशिरा पडला, तर तो दोन रेषांमधली अर्ध्यावरची सीमा ओलांडून गेलेला असतो. क्वांटाइझ त्याला मागे न आणता पुढच्या रेषेवर नेऊन बसवतं, आणि किंचित उशिराचा सूर चक्क चुकीच्या मात्रेवर जातो. कॉर्डचंही तसंच. बोटं खालून वर किंचित अंतरानं पडलेली असतात, ते अंतर पुसलं की कॉर्ड ठोकळ्यासारखी वाजते. सस्टेन पेडलची नोंद तर वेगळी असते. सूर सरकले आणि पेडल जागीच राहिलं, तर आधीच्या कॉर्डचा आवाज नव्या कॉर्डमध्ये घोटाळतो. हे पडद्यावर दिसत नाही, कानालाच कळतं.

आपल्याकडच्या संगीतात धोका आणखी वाढतो. कीबोर्डवर बासरी किंवा शहनाई वाजवताना मींड येते ती पिच बेंडच्या चाकातून. हे चाक १६,३८४ पायऱ्यांत नोंदलं जातं. अनेक सॉफ्टवेअरमध्ये अशा नोंदी विरळ करण्याची सोय असते. सेकंदाला जेमतेम ३१,२५० बिट वाहून नेणाऱ्या मिडी केबलच्या काळात ती गरजेची होती. आता सगळं संगणकाच्या आतच चालत असताना ती वापरली, तर मींडेची पायरी-पायरी होते. उलट टेक मध्येच कापल्यामुळे चाक वाकडंच राहिलं आणि पुढचा प्रत्येक सूर बेसूर लागला, तर तो खरा कचरा. दोनदा नोंदलेले सूर आणि न सुटता लटकलेले सूरही त्यातच मोडतात. मात्र ‘फार हलके सूर काढून टाका’ ही आज्ञा जपून द्यावी. ड्रमवादकाचे स्नेअरवरचे दबके आघात त्याच झाडूनं जातात आणि ठेक्यातला जीव तिथेच असतो.

यावर कुणी म्हणेल, की आजच्या श्रोत्याला काटेकोर ठेकाच हवा असतो. नाचाच्या गाण्यात हे खरं आहे. तिथे ग्रिड हाच ढंग आहे, आणि तिथे शंभर टक्के क्वांटाइझ करायला माझी हरकत नाही. पण काटेकोरपणाही एका साच्याचा नसतो. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ ड्रम मशीनमध्ये ठोके रेषेवर आणण्याबरोबरच स्विंगचीही सोय होती. रेषेपासून ढळलेल्या ठेक्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जे डिला यांचं एमपीसी हे ठेके बांधायचं यंत्र आज वॉशिंग्टनमधल्या एका संग्रहालयात आहे. दुसरा आक्षेप असा, की आधी सपाट करून मग ‘ह्यूमनाइझ’ वापरता येतं. ते बटण बहुधा सूर कसेही मागेपुढे करतं. वादकाचं मागेपुढे होणं तसं नसतं, समेकडे येताना तो ठरावीक जागी रेंगाळतो. आणि वाजवणं खरोखरच कच्चं असेल तर? तर पुन्हा वाजवावं, ते दुरुस्तीपेक्षा लवकर होतं.

तेव्हा मूळ टेकची प्रत आधी बाजूला ठेवा, कचरा हातानं वेचा, क्वांटाइझची मात्रा पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवून पाहा आणि संगणकाचा पडदा बंद करून ऐका.