ड्रोन शिकायचाय? आधी घरी हात बसवा

देवणी : तुरीवर ड्रोनने फवारणी करायची तर ड्रोन नियम 2021 नुसार रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. वय 18 पूर्ण, शिक्षण दहावी पास. प्रशिक्षणात सिम्युलेटर असतोच, पण सराव घरच्या कॉम्प्युटरवरही होतो.

रिमोट किंवा जॉयस्टिक यूएसबीने जोडून आधी कॅलिब्रेशन करा, म्हणजे दांड्या चारी बाजूंना पूर्ण फिरवून मध्यावर सोडा. दांडी वर ढकलल्यावर ड्रोन खाली येत असेल तर सेटिंगमध्ये थ्रॉटल 'रिव्हर्स' करा.

खरा घोळ पुढं आहे. विमानाचा थ्रॉटल ठेवला तिथंच राहतो. फवारणी ड्रोनची दांडी सोडली की स्प्रिंगने मध्यावर येते अन् ड्रोन आहे त्या उंचीवर थांबतो. घाबरल्यावर दांडी खाली ओढायची नाही, सोडायची. ड्रोनचं तोंड आपल्याकडं असलं की डावं-उजवं उलटं होतं. लाखाचं यंत्र तिथंच आपटतं, म्हणून सराव त्याचाच जास्त करावा.