क्लचच्या सिलिंडरची गळती व तिचा घरगुती बंदोबस्त

पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पांदणीची काय दशा होते, हे वाचकांस सांगणे नको. काळी माती भिजली म्हणजे जेथे बैलाचा पाय निघत नाही, तेथे चाकाची कथा काय! याच कारणाने चारही चाकांस जोर मिळणारी जीप पुष्कळ शेतकऱ्यांनी बाळगली आहे. 1945 साली स्थापन झालेल्या व 1948 पासून महिंद्र आणि महिंद्र या नावाने चालणाऱ्या कंपनीने 1947 साली विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून ही गाडी आपल्या देशात रुळली. त्या जुन्या जीपेत पायाचा जोर क्लचपर्यंत यांत्रिक जोडणीने जाई. पुढील काळातील पुष्कळ गाड्यांत तो तेलाच्या दाबाने जातो. पायास हलकेपणा आला, पण त्याबरोबर गळतीही आली. तिचाच विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम आमची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात कपाशीत निंदण चालू असता एका मजूर बाईस सापाने दंश केला. वावर पक्क्या सडकेपासून तीन किलोमीटर आत. बाईस जीपेत घालून निघालो. नाल्याच्या काठी वेग कमी करू गेलो, तो क्लचचे पेडल तळाला गेले ते वर आलेच नाही. इंजिन आचके देऊन बंद पडले. पेडल हाताने ओढून पुन्हा दाबण्यात व गाडी ढकलण्यात वीस मिनिटे गेली. शेवटी पहिला गिअर टाकून तसाच स्टार्टर मारला, त्या हिसक्याने गाडी चालती झाली, आणि रुग्णालयाच्या दारी इंजिन बंद करूनच ती थांबविली. प्रतिविषाची सुई वेळेवर मिळाली व बाई बरी झाली. परंतु ती वीस मिनिटे आम्ही अद्याप विसरलो नाही. कारण त्याआधी महिनाभर क्लचचे तेल कमी होत होते आणि आम्ही ते निमूटपणे भरत होतो. महसूल खात्यात कारकुनी करताना दुसऱ्याच्या हिशेबातील तूट आम्ही शोधीत आलो. घरची तूट मात्र न शोधता भरत राहिलो!

गाडी कोणत्या कारखान्याची, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. दोष रबराच्या वयाचा व आमच्या हयगयीचा होता.

रचना. पेडलजवळ एक सिलिंडर असते, त्यास मास्टर सिलिंडर म्हणतात. तेथून नळीने तेल खाली गिअरबॉक्सच्या बाजूस असलेल्या स्लेव्ह सिलिंडरात जाते. त्यातील दट्ट्या पुढे सरकून दांड्याने क्लचचा फाटा ढकलतो व इंजिन चाकांपासून सुटे होते. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पोहोचतो. हवा मात्र दाबली जाते. सबब नळीत हवा शिरली की पेडल पोकळ लागते. दट्ट्यावरील रबरी वाटी झिजली, किंवा सिलिंडर आतून गंजून खडबडीत झाले, म्हणजे तेल बाहेर येऊ लागते.

गळती ओळखणे. गिअर टाकताना खरखर होणे, पेडल खाली खाली जाणे व टाकीतील तेल उतरणे, ही तीन लक्षणे. मग खालच्या सिलिंडराच्या टोकावरील रबरी टोपी किंचित उचलून पाहावी. आत ओल असल्यास चोर सापडला. तेथे कोरडे असल्यास पेडलच्या वरच्या बाजूस, पायपुसण्याखाली व नळीच्या सांध्यांवर पाहावे. थेंब कशाचा, याचा संशय आल्यास तो भांडेभर पाण्यात सोडावा. क्लचचे नेहमीचे तेल पाण्यात मिसळून जाते, गिअरचे तेल वर तरंगते. काही गाड्यांत हे सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटात बसविलेले असते. तेथे गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते काम घरी करू नये. काही गाड्यांत क्लच व ब्रेक यांस टाकी एकच असते. तेथे ही गळती ब्रेकचाही प्रश्न होय. अशी गाडी दुरुस्तीवाचून चालवूच नये.

रबर की सिलिंडर? त्या प्रसंगानंतर आम्ही काटकसर म्हणून केवळ रबर बदलले. दोन महिन्यांत पुन्हा ओल दिसली, कारण सिलिंडर आतून खरवडलेले होते. त्यात नवे रबर घालणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणे. सिलिंडराची आतील भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तरच रबरावर भागवावे, एरवी संपूर्ण सिलिंडर बदलावे. जुने सोबत नेऊन बोल्टांमधील अंतर, नळीचे आटे व दांड्याची लांबी ताडून मगच नवे घ्यावे.

तयारी. मापाचे पाने, ब्रश, स्वच्छ फडके, पारदर्शक नळी, बाटली आणि तेलाचा सीलबंद डबा एवढे साहित्य पुरे. टाकीच्या झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 जे लिहिले असेल तेच तेल घ्यावे. इंजिनचे वा ट्रॅक्टरचे तेल कदापि घालू नये. त्याने रबर फुगून सगळा संच वाया जातो. हे तेल हवेतील ओलावा शोषते, सबब पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा वापरू नये. गाडी सपाट, टणक जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, चाकांस पुढून-मागून दगड लावावेत व किल्ली आपल्या खिशात ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ.

कृती. सिलिंडराभोवतीचा चिखल आधी ब्रशाने काढून फडक्याने पुसावा. मातीचा एक कण नळीत गेला तरी नवे रबर कापले जाते. सिलिंडर बोल्टांनी घट्ट असतानाच नळीचा नट सैल करावा, मागाहून तो धरवत नाही. खाली डबा ठेवून नळी सोडवावी व मग बोल्ट काढावेत. सिलिंडर उतरलेले असता पेडलला कोणीही पाय लावू नये. नवे सिलिंडर बसविताना नळीचा नट आरंभी बोटांनीच फिरवावा. वाकडा आटा बसला तर नवी वस्तू पहिल्याच दिवशी बाद होते. सांध्यावर तांब्याचा वायसर असल्यास नवा घालावा. दांड्याचे टोक फाट्याच्या खोलगट जागेत नीट बसले आहे याची खात्री करावी. दांड्याची लांबी कमीजास्त करता येत असेल तेथे गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याइतकी मोकळीक ठेवावी, अन्यथा क्लच सदैव अर्धवट दाबलेला राहून प्लेट जळते.

हवा काढणे. हे दोघांचे काम आहे. आमचे चिरंजीव पेडलवर बसले व आम्ही खाली. टाकी भरावी. सिलिंडरावरील हवेची निप्पल सर्वांत उंच बाजूस असावी. तीवर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीतील तेलात बुडवावे. वरच्याने पेडल सावकाश दाबून धरावे व “दाबलं, बाबा” असे सांगावे. मग खालच्याने निप्पल उघडावी, बुडबुडे निघू द्यावेत, निप्पल बंद करावी व “सोड” म्हणावे. निप्पल बंद होण्यापूर्वी पाय उचलला तर गेलेली हवा परत आत येते. बुडबुडे थांबेपर्यंत हाच क्रम चालवावा व टाकी मध्ये रिकामी होऊ देऊ नये. बाटलीत निघालेले तेल पुन्हा टाकीत ओतू नये. रंगावर थेंब पडल्यास पाण्याने ताबडतोब धुवावे, कारण त्याने रंग उठतो. हे तेल विषारी आहे. डोळ्यांत जाऊ देऊ नये, मुलांपासून दूर ठेवावे व विहिरीजवळ वा धुऱ्यावर ओतू नये.

तपासणी. पुढे मोकळी जागा पाहून इंजिन चालू करावे. उलटा गिअर आवाज न करता पडला म्हणजे क्लच पुरा सुटतो असे समजावे. रात्री सिलिंडराखाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. सकाळी ते कोरडे असेल तर काम साधले.

आमचे काम तीन तासांत आटोपले, आणि त्यानंतर दोन पावसाळे पेडल जागच्या जागी आहे. हल्ली आम्ही दर पंधरवड्यास टाकीतील तेलाची पातळी वहीत टिपून ठेवतो. तात्पर्य, तेल आपोआप नाहीसे होत नाही. ते कमी झाले म्हणजे कोठेतरी गेले आहे. भरण्यापूर्वी ते कोठे गेले, हे पाहावे. गाडी आपली असली तरी आडवेळी तिच्यात दुसऱ्याचा जीव बसलेला असतो.