रेल्वे फाटक : बंद करावे की पूल बांधावा?

मुंबई-भुसावळ आणि सुरत-भुसावळ हे दोन लोहमार्ग जळगाव येथे एकत्र येतात. रुळांच्या दोन्ही अंगांना शहर वाढत गेले आणि पिंप्राळा, आसोदा यांसारख्या रस्त्यांवरील रेल्वे फाटके नागरिकांच्या दिनक्रमाचा भाग बनली. उधना-जळगाव मार्गाच्या दुहेरीकरणाचे लोकार्पण १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळे येथे झाले. मार्ग वाढला की गाड्या वाढतात आणि गाड्या वाढल्या की फाटक अधिक वेळ बंद राहते. अशा वेळी फाटक कायमचे बंद करावे की त्या जागी पूल अथवा भुयारी मार्ग बांधावा, हा प्रश्न उभा राहतो.

धोक्याचे स्वरूप

फाटकावरील निष्काळजीपणाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हान येथे चौकीदार नसलेल्या फाटकावर वऱ्हाडी मंडळींच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीस रेल्वेगाडीची धडक बसून पन्नासहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने २०१२ साली सर्वच फाटके पाच वर्षांत काढून टाकण्याची शिफारस केली. ब्रॉडगेज मार्गावरील चौकीदार नसलेली फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आणण्यात आली. चौकीदार असलेल्या फाटकांचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

सिग्नलशी जोडलेले फाटक पूर्ण बंद झाल्याखेरीज गाडीला पुढे जाण्याचा सिग्नल मिळत नाही. दांड्याखालून घुसणारे एखादे वाहन फाटक बंद होऊ देत नाही आणि मागे गाडी खोळंबते. बंद असलेले फाटक उघडणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १६० नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे.

निर्णयाचे माप

पुलाची निकड ठरविताना दिवसभरात जाणाऱ्या रेल्वेगाड्यांची संख्या आणि रस्त्यावरील वाहनांची एकके यांचा गुणाकार केला जातो. मोटारगाडी किंवा बैलगाडी हे एक एकक, तर ऑटोरिक्षा हे अर्धे एकक मानले जाते. उदाहरणार्थ, दररोज ६० गाड्या आणि २,००० वाहन-एकके असतील, तर गुणाकार १,२०,००० येतो. हा आकडा एक लाखाच्या वर गेला की रेल्वे व राज्य शासन यांच्या खर्चविभागणीने पूल बांधण्यास ते फाटक पात्र ठरते, अशी परंपरागत पद्धत आहे. राज्यात अशी कामे हाती घेण्यासाठी राज्य शासन व रेल्वे मंत्रालय यांच्या भागीदारीत ‘महारेल’ ही कंपनी स्थापन झाली आहे.

परंतु या हिशेबात पायी चालणाऱ्याला स्थान नाही. शाळेत जाणारी मुले, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली, दवाखान्यात निघालेला वृद्ध यांची संख्या गुणाकारात उतरत नाही. फाटक बंद झाल्यास मोटारीला दोन किलोमीटरचा वळसा काही मिनिटांचा असतो. पायी जाणाऱ्यास तोच अर्ध्या तासाचा होतो. मग माणसे वळसा टाळून रुळांवरूनच जाऊ लागतात, आणि जो धोका टाळण्यासाठी फाटक बंद केले, तोच दुसऱ्या रूपाने परत येतो.

पर्यायांचे गुणदोष

उड्डाणपूल विद्युत तारांच्या वरून न्यावा लागतो. रस्त्याची उंची रुळांपासून ८ मीटर धरली आणि तीस मीटर अंतरास एक मीटर असा चढ ठेवला, तर प्रत्येक बाजूस २४० मीटर लांबीचा जोडरस्ता लागतो. भर बाजारपेठेत एवढ्या लांबीत दुकाने व घरे पुलाच्या कडेला दबतात. भुयारी मार्गास जागा कमी लागते. परंतु पाण्याचा निचरा नीट न झाल्यास पावसाळ्यात तो तुंबतो, आणि उंची अपुरी असल्यास कापसाने भरलेला ट्रक त्यातून जाऊ शकत नाही.

पुनर्बांधणीच्या काळातील हालही विचारात घेतले पाहिजेत. जळगावचा शिवाजीनगर येथील ब्रिटिशकालीन रेल्वे पूल २०१९ मध्ये बंद करून पाडण्यात आला. नवा पूल होईपर्यंत रुळांपलीकडील रहिवाशांना दीर्घकाळ वळसा घ्यावा लागला. पर्यायी वाट आधी आणि बंदी नंतर, हा क्रम पाळणे किती अगत्याचे आहे, हे यावरून दिसून येते.

स्थानिक संस्थांचे कर्तव्य

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटर लांबीच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. तो धुळे जिल्ह्यातून जाणार आहे. पिंपळनेरसारख्या रेल्वेपासून दूर असलेल्या गावांचा शेतमालही जिल्ह्यातील रस्त्यांवरूनच बाजारात पोहोचतो. म्हणून या प्रश्नाचा विचार केवळ रुळांलगतच्या गावांनी करावयाचा नाही.

फाटक बंद करण्याचा प्रस्ताव येताच ग्रामपंचायतीने अथवा नगरपालिकेने काही गोष्टींची नोंद स्वतः करावी : सकाळी व सायंकाळी पायी किती लोक जातात, त्यांत विद्यार्थी किती, रुग्णवाहिकेस पर्यायी वाटेने किती वेळ लागेल, पावसाचे पाणी कोणत्या बाजूला उतरते आणि सर्वांत उंच माल कोणता जातो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या साह्याने ही गणती सुरक्षित अंतरावरून केल्यास ती विश्वसनीय व बिनखर्चाची होईल. ही माहिती ठरावासह जिल्हाधिकारी व रेल्वे प्रशासनाकडे आराखडा मंजूर होण्यापूर्वीच पोहोचली पाहिजे. भूसंपादन झाल्यावर घेतलेली हरकत बहुधा विलंबासच कारण ठरते.

फाटक जावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र फाटकाबरोबर वाट जाऊ नये. पायी चालणाऱ्यासाठी सोपी, उजेडाची आणि कोरडी वाट ज्या आराखड्यात प्रथमपासून दाखविलेली असेल, त्यालाच स्थानिक संस्थांनी संमती द्यावी.