कोड (त्वचाविकार) : रंगपेशींचा नाश आणि प्रतिकारसंस्था

कोड हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होऊन अंगावर पांढरे डाग उमटविणारा दीर्घकालीन विकार आहे. आयुर्वेदात त्यास श्वित्र अशी संज्ञा आहे. जगातील सुमारे ०.५ ते २ टक्के लोकांत तो आढळतो. तो संसर्गजन्य नाही. कुष्ठरोगाशीही त्याचा संबंध नाही. कुष्ठरोगाच्या डागावर संवेदना मंदावते, कोडाच्या डागावर ती शाबूत राहते. बहुसंख्य रुग्णांत कोड हा स्वयंप्रतिकार विकार असतो, म्हणजेच शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते.

रंगपेशींवरील ताण

बाह्यत्वचेच्या तळाच्या थरात मेलॅनोसाइट या रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवितात. या निर्मितीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे घातक पदार्थही उपजतात. कोड होणाऱ्या व्यक्तींच्या रंगपेशींना हा ताण नीट सोसत नाही. त्या धोक्याचे रासायनिक संकेत सोडतात आणि प्रतिकारसंस्था सक्रिय होते.

हल्ल्याची प्रक्रिया

सीडी८ टी-पेशींचे नेहमीचे काम विषाणूबाधित पेशी मारण्याचे असते. कोडामध्ये त्या टायरोसिनेज, मेलॅन-ए यांसारख्या रंगपेशींतील प्रथिनांना शत्रू समजतात. त्यांनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमामुळे त्वचेतील इतर पेशी सीएक्ससीएल१० हा संदेशवाहक तयार करतात आणि त्याच्या ओढीने आणखी टी-पेशी तेथे येतात. अशा रीतीने डाग पसरत जातो. काही टी-पेशी त्वचेतच मुक्काम करून राहतात. म्हणून उपचार थांबविल्यावर पुष्कळदा त्याच जागी डाग परततात.

मेलॅनोमा या कर्करोगावर प्रतिकारशक्ती चेतविणारे उपचार दिले असता काही रुग्णांच्या त्वचेवर कोडासारखे डाग उठतात. वरील कारणमीमांसेला यामुळे पुष्टी मिळते.

आनुवंशिकता व बाह्य कारणे

एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकास कोड असता दुसऱ्यासही तो असण्याचे प्रमाण एका अभ्यासात सुमारे २३ टक्के आढळले. म्हणजे जनुके कल निर्माण करतात, परंतु सर्वस्वी निर्णय करीत नाहीत. रुग्णांत थायरॉइडचे स्वयंप्रतिकार विकार अधिक आढळत असल्याने त्यांची तपासणी सुचविली जाते. जखम वा सततचे घर्षण यांमुळे नवे डाग उद्भवू शकतात. टिकलीच्या चिकट द्रव्यातील पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडल्याची उदाहरणे भारतात नोंदली गेली आहेत. शरीराच्या एकाच बाजूस होणाऱ्या खंडीय कोडात मात्र इतर स्वयंप्रतिकार विकारांची सोबत कमी आढळते.

उपचार

अतिनील-बी किरणांचा उपचार व प्रतिकारशक्तीला आवर घालणारी मलमे प्रचलित आहेत. इंटरफेरॉनचा संदेश रोखणाऱ्या रुक्सोलिटिनिब मलमास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२२ मध्ये १२ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी मान्यता दिली. रंगपेशींचा साठा केसांच्या मुळाशी असतो. त्यामुळे चेहऱ्यावर रंग तुलनेने लवकर परततो; बोटांची टोके व ओठ येथे तो क्वचितच परततो.

सामाजिक बाजू

मासे व दूध एकत्र खाल्ल्याने कोड होतो, या समजुतीस शास्त्रीय आधार नाही. विवाह जुळविताना कोड असलेल्या व्यक्तींची, विशेषतः मुलींची, उपेक्षा होते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘नितळ’ (२००६) हा मराठी चित्रपट याच विषयावर आधारित आहे.