दारावरची पाटी : सांकेतिक दुवा

आम्ही सोलापूरकर नेहमीं पाहतों कीं, पेठेंतील दुकान हललें म्हणजे जुन्या दारावर नव्या जागेची पाटी लागते. संगणकांतील ‘सांकेतिक दुवा’ ही अशीच पाटी होय. १९८३ सालीं बर्कले युनिक्सच्या ४.२ आवृत्तींत ती आली. ‘बॅझेल’ नामक साधन आपण लिहिलेल्या मूळ आज्ञांपासून चालता कार्यक्रम बांधतें. त्याची कामाची जागा दूर एका कोठारांत असते. आपल्या फोल्डरांत ‘बॅझेल-बिन’ ही केवळ पाटी. त्यामुळें मूळ लेखन व तयार माल यांची सरमिसळ होत नाहीं. पाटी पुसल्यानें डिस्क रिकामी होत नाहीं. कोठार पुसलें तर माल पुन्हा बांधतां येतो. मूळ लेखन पुसलें तर गेलेंच. म्हणून विद्यार्थी मित्रहो, पुसण्यापूर्वीं हात कशावर आहे तें पाहा.