एका जोडीवर तीन फोन

साताऱ्याच्या जुन्या पेठांमधल्या वाड्यांत खांबावरून तांब्याची एकच जोडी यायची आणि आत आल्यावर तिला फाटे फुटायचे. एक फोन ओसरीवर, दुसरा माडीवर, तिसरा मागच्या खोलीत. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवरही तसंच: एक गादीपाशी, एक गोदामात, एक वर घरात. नंबर मात्र एकच. असा जादा फोन म्हणजे ‘पॅरलल’. त्यातला बिघाड शोधणं हे लाइनमनच्या हातातलं मोठं कसब होतं, आणि तांब्याच्या तारा निघत चालल्या असताना त्याची नोंद राहायला हवी असं मला मनापासून वाटतं.

एक्सचेंजमधली ४८ व्होल्टची बॅटरी या जोडीवर सतत उभी असते. रिसीव्हर उचलला की करंट वाहतो, घरातला दाब दहा व्होल्टच्या आसपास उतरतो आणि डायल टोन येतो. घरातला नेमका कोणता फोन उचलला, हे एक्सचेंजला कळत नाही. म्हणून माडीवरचा रिसीव्हर जरा तिरका राहिला तरी सगळं घर मुकं होतं. थोडा वेळ वाट पाहून एक्सचेंज ती लाइन बाजूला टाकतं, आणि बाहेरून फोन करणाऱ्याला एंगेज ऐकू येतो. दोघांनी एकदम रिसीव्हर उचलले तर तोच करंट दोन वाटांनी जातो आणि पलीकडचा आवाज खोल जातो.

घंटेसाठी एक्सचेंज त्याच तारांवर सुमारे ७५ व्होल्टचा एसी दाब पाठवतं. वाट्यांची घंटा असलेले जुने फोन ही शक्ती भरपूर खात. चार-पाच जोडले की सगळेच अशक्त वाजत, एखादा वाजतच नसे. गोल डायलच्या काळात आणखी एक गंमत होती. डायल परत फिरताना लाइन टकटक तुटते, शून्याला दहा वेळा. त्या धक्क्यांनी दुसऱ्या खोलीतली घंटा किणकिणायची, आणि माडीवरून कुणी फोन लावतंय हे ओसरीवर समजायचं.

जाणता लाइनमन आल्याआल्या फोन उघडत नसे. तार घरात शिरते तिथली जोडपेटी, म्हणजे रोझेट, तो उघडायचा, आतलं सगळं वायरिंग सोडवायचा आणि स्वतःचा टेस्ट फोन थेट बाहेरच्या जोडीला लावायचा. स्वच्छ टोन आला म्हणजे खांब, डीपी (जोड्या वाटून देणारी पेटी), केबल सगळं निर्दोष, खोट घरात. मग आतलं वायरिंग पुन्हा लावून, सगळे फोन काढून एकेक परत जोडायचा. ज्याच्या जोडणीने टोन गेला, तो दोषी. सगळे काढूनही टोन नसेल तर भिंतीतली तार. घरमालक बहुधा आधी फोन बदलून पाहतात. पैसे जातात आणि बिघाड तिथेच राहतो.

पावसाळ्यात हे काम किचकट होतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि सांगलीत २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली. ओल तारांच्या सांध्यात शिरली की दोन तारांमधून थोडा करंट गळू लागतो. घंटा एकदा वाजून थांबते, कारण एक्सचेंजला वाटतं कुणीतरी रिसीव्हर उचलला. एकच तार ओल्या भिंतीला टेकली तर जोडीचा समतोल जातो आणि विजेच्या तारांची घरघर कानात येते. दुपारी ऊन पडलं की सगळं सुरळीत होतं, म्हणून तक्रार सकाळची असेल तर तपासणीही सकाळीच करावी लागते. ओलीने तांबं झिजू नये म्हणूनच बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडून लाइनवर ऋण दाब ठेवतात.

अडतीवर दोन नंबर असले की नवा घोटाळा व्हायचा. घाईत एका जोडीतली एक तार आणि दुसरीतली एक अशी सरमिसळ लांबवर ओढली गेली, तर टोन दोन्हीकडे येतो. पण जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, त्या पिळाची राखण उरत नाही. एका नंबरवर चाललेला भाव दुसऱ्यावर ऐकू जातो. सौद्याच्या धंद्यात ही फार गंभीर गोष्ट. यावर जोड्या रंगाने ओळखून नीट लावणं एवढाच उपाय. पुढे मोठ्या पेढ्यांनी ईपीएबीएक्स, म्हणजे पेढीतलंच छोटं एक्सचेंज, बसवला आणि पॅरललची गरज संपली. मात्र पलीकडच्याने फोन ठेवल्याचं काही यंत्रांना कळत नसे, मग लाइन उगाच अडकून राही.

२००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड याच तांब्यावरून आलं तेव्हा विसरलेले पॅरलल फोन पुन्हा उजेडात आले. अडगळीच्या खोलीतला एकच फोन नेट आणि आवाज वेगळे करणाऱ्या फिल्टरशिवाय राहिला तरी बोलण्यात खरखर येई, आणि घंटा वाजताच नेट तुटे.

आता फायबरच्या डब्यातून घरातल्या जुन्या वायरिंगला फोन जोडणारेही आहेत. त्यांनी आधी खांबाकडून आलेली जोडी रोझेटमध्ये सोडवून तिची टोकं वेगळी करावीत; ती जिवंत असेल तर तिचा दाब डब्याच्या दाबाशी भिडतो आणि डबा जळू शकतो. जुन्या घंटेचे तीन फोन एकदम वाजवायची ताकद त्या डब्यात असेलच असं नाही, तेव्हा एक जोडून पाहावा, मग दुसरा. तांब्याच्या लाइनला वीज एक्सचेंजमधून मिळे. डब्याला घरातली लागते, म्हणून त्याला बॅटरीचा आधार द्यावा.